बाबांच्या गाऱ्हाण्यांचा अल्बम

माझ्या बाबांचं आयुष्यात कशानेच समाधान झालं नाही, आणि ही गोष्ट ते अख्ख्या अमरावतीला ढोलकी वाजवून सांगत. एसटीच्या डेपोत ते मेकॅनिक होते. दिवसभर गाड्यांची कुरकुर ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःची सुरू करायची, असा त्यांचा नेम. वस्तीतल्या गायन पार्टीचे ते मुख्य गायक. जयंतीला, लग्नात, कुणाच्या नव्या घराच्या कार्यक्रमात ते आधी पांढरा सदरा घालून, ताठ बसून प्रबोधनाची गाणी म्हणत. मग जेवणं व्हायची, माणसं सैलावून बसायची आणि मागून कोणीतरी ओरडायचं, "मास्तर, आता घरची होऊन जाऊ द्या!"

घरची म्हणजे बाबांनी स्वतः रचलेली. आम्ही त्यांना गाऱ्हाणी म्हणायचो, कारण ती गाऱ्हाणीच होती. भाजी निबर निघाली, त्याचं गाणं. कूलरची हवा आपल्याकडे येत नाही, त्याचं गाणं. मायच्या माहेरचा पाहुणा आला आणि घरातली एकुलती एक खुर्ची त्याला दिली गेली, ते तर फारच लोकप्रिय. त्याला हटकून दुसऱ्यांदा म्हणायची फर्माईश व्हायची. थोडक्यात, झाडून सगळी गाणी आमच्या मायच्या विरोधात होती. माय त्या कार्यक्रमांना कधी आली नाही. "माही बदनामी ऐकाले मीच पुढं जाऊन बसू काय?" असं म्हणून ती घरीच राहायची. मला ते तेव्हाही पटायचं.

मी आणि माझा मोठा भाऊ बाबांचे झीलकरी. झीलकऱ्याचं काम सोपं आणि थोडं अपमानाचं असतं. गायक पुढे बसून दोन ओळी म्हणतो आणि टाळ्या घेतो. झीलकरी मागे बसून दुसऱ्या ओळीचं शेपूट तेवढं पकडतात आणि गायकाचा दम घेऊन होईपर्यंत ते ओढत राहतात. बाबांच्या सगळ्या गाण्यांचं शेपूट एकच होतं, "सांगू कोनाले". कूलर असो, भाजी असो, पाहुणा असो, शेवटी आपलं "सांगू कोनाले". दादा खंजिरीवर आणि मी झांजेवर, शाळेत असल्यापासून आम्ही हे एवढंच ओढत आलो. माझं लग्न झालं, मी शाळेत भूगोलाची बाई झाले, तरी जयंतीच्या दिवशी बाबांच्या मागे झांज घेऊन हजर. एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांनी मला तिथे पाहिलं. त्यानंतर मी वर्गात कुणाला मान्सूनचे वारे विचारले, की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "सांगू कोनाले". मी कितीतरी जणांना बाकावर उभं केलं, पण मूळ गायकाचं नाव काही त्यांना सांगितलं नाही.

बाबा गेले, त्याच्या आधीच्या आजारात त्यांनी दादाचा हात धरून एकच गोष्ट मागितली. "माही गानी मशिनीत टाकजो. नाहीतं माह्यासंगंच जातीन." दादानं हो म्हटलं. आता कोणी म्हणेल, आजकाल तर पोरगं शिंकलं तरी त्याचा व्हिडिओ निघतो, मग यांची गाणी कशी नव्हती? नव्हती, कारण बाबा मोबाइलवर रेकॉर्ड करू द्यायचे नाहीत. कोणी फोन वर केला की ते ढोलकी थांबवायचे. "मोबाइलमंधी गानं ठेवत नसतेत बाप्पा. त्यात गुडमार्निंगचे गुलाब ठेवतेत. गानं स्टुडिओत ठेवतेत," असं त्यांचं मत होतं. चोरून काढलेली एक क्लिप सापडली. त्यात जनरेटरचा आवाज, पंगतीतली बुंदी आणि कुणाचा तरी अंगठा आहे. बाबा त्या अंगठ्याच्या मागे कुठेतरी गात आहेत.

तर गाणी मशिनीत टाकायची होती. ती टाकू शकणारे जगात आम्ही दोघंच होतो.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते आणि तिथे तिला गिटार वाजवणाऱ्या लोकांची संगत लागली आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर ती आनंदानं किंचाळलीच. म्हणाली, "आई, आजोबांची गाणी म्हणजे चक्क ब्लूज आहे! कंट्री ब्लूज!" मग तिनं मला समजावून सांगितलं, की अमेरिकेत खेड्यापाड्यातली कष्टाची माणसं असंच एक वाद्य घेऊन बसायची आणि आपलं दुःख सांगायची, बायको बोलत नाही, पाऊस थांबत नाही, असं. बहीण-भाऊ, बाप-लेक अशा घरच्या जोड्यांचे त्यात अल्बम निघतात म्हणे, आणि लोक ते भक्तिभावानं ऐकतात. मी हे दादाला सांगितलं. दादाचं अकोल्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि तो कुठलीही गोष्ट तांब्याच्या तारेइतकी ताणून बघतो. त्यानं हेही तसंच ताणून पाहिलं. मग म्हणाला, "म्हनजे तिकडे जन्मले असते तं बायकोची भाजी वाईट सांगूनच आपला बाप मोठा झाला असता."

त्याच आठवड्यात दादानं फ्लेक्स लावला. आमच्याकडे कुठलंही काम फ्लेक्सपासून सुरू होतं, काम मागून येतं. अकोल्यातल्या त्याच्या गल्लीच्या तोंडाशी चांगला दहा फुटी फ्लेक्स. त्यावर दादा काळा गॉगल लावून खंजिरी घेऊन उभा, आणि बाजूला मी, शाळेच्या ओळखपत्रावरचा माझा फोटो कापून चिकटवलेला. फोटोत माझ्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टीही तशीच राहिली होती. वर बाबा ढगात. खाली, "बहीण-भाऊ जोडीचा धमाकेदार अल्बम, लवकरच येत आहे", आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचे गोल गोल चेहरे. मी फोनवर दादाला खूप बोलले. तो म्हणाला, "आता मांगं फिरता येत नाही ना, म्हनूनच लावला."

मायला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे अमरावतीत राहते. फ्लेक्सचा फोटो कुठल्याशा नातेवाइकाच्या फोनवरून फिरत फिरत तिच्यापर्यंत आला. तिनं तो चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, "जलमभर लोकाइत माही अब्रू घेतली त्यायनं. आता तुमी मशिनीत टाकून घेता काय?" आणि पुढे चार दिवस माझ्याशी फक्त दुधवाल्याच्या संदर्भात बोलली.

स्टुडिओ अकोल्यात होता. मे महिना होता. मे महिन्यात अकोल्यात पंखा बंद करून कोंदट खोलीत बसणं याला बाकीचे लोक शिक्षा म्हणतात, दादा त्याला रेकॉर्डिंग म्हणत होता. लाउडस्पीकरच्या दुकानामागे एक खोली, चारी भिंतींना आणि छताला आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. मालकाला सगळे उस्ताद म्हणत. पिकलेली दाढी, कानाला मऊ कापडाचा हेडफोन, बोलणं अर्धं हिंदी आणि अर्धं वऱ्हाडी. निवडणुकीचा रिक्षावरचा प्रचार, चपलांच्या सेलची जाहिरात, उरुसाची कव्वाली, सगळं ते त्याच खोलीत आणि त्याच गांभीर्यानं करत. त्यांनी आम्हाला माइकसमोर बसवलं. "लाल बत्ती लागली की सुरू करजा. घाबराचं नाही. गलत झालं तं अपन फिर से घेऊ."

लाल दिवा लागला. दादानं खंजिरीवर ठेका धरला. मी झांज धरली. छान लागली होती. ठेका चालू राहिला. मी दादाकडे पाहिलं, आता हा सुरू करेल म्हणून. दादानं माझ्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता, मीही मान हलवत होते. उस्ताद काचेपलीकडून कौतुकानं पाहत होते. त्यांना वाटलं, मोठी सुरुवात आहे. दोन ओळी म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला, आणि मग आम्ही दोघं एकदम, एका सुरात, काळजाला हात घालील असं म्हणालो, "सांगू कोनाऽऽले!"

मग पुन्हा नुसता ठेका. पुन्हा दोन ओळींएवढी वाट. पुन्हा "सांगू कोनाऽऽले!"

असं तीन-चारदा झाल्यावर उस्तादांनी दिवा बंद केला आणि दार उघडून आत आले. "सूर तं बहोत बढिया हाये," ते अदबीनं म्हणाले, "पन बाकीचं गानं कोठी हाये?"

"तू म्हन ना," दादा मला म्हणाला.

"मी कावून म्हनू? मोठा तू हायेस."

"पोट्ट्याइले शिकवते ना तू? तुले पाठ असन."

"मी भूगोल शिकवते!"

हे भांडण पुढे बरंच वाढलं, आणि त्यात हळूहळू जे बाहेर आलं त्यानं आम्ही दोघंही गार पडलो. आम्हाला एकही गाणं येत नव्हतं. हे ज्यानं कधी झील धरली नाही त्याला खरं वाटणार नाही. झीलकऱ्याचा कान ओळीच्या फक्त शेवटावर असतो. पुढे काय चाललंय ते त्याच्यासाठी नुसतं येणारं-जाणारं असतं. त्याला एवढंच कळायचं असतं, की आता संपतंय, आता पकड. त्यातून बाबा लोकांकडे तोंड करून बसायचे आणि आमच्या वाट्याला त्यांची पाठ आणि ढोलकीची डावी बाजू. इतकी वर्षं आम्ही बाबांच्या अगदी मागे बसलो होतो आणि बाबा काय म्हणत होते ते ऐकलंच नव्हतं.

विषय माहीत होते, पण शब्दांपैकी जे आठवत होतं ते असं. एका गाण्यात कूलर होता. एका गाण्यात कुणीतरी उंबऱ्यावर बसलं होतं. एका गाण्यात बिया होत्या, कशाच्या ते माहीत नाही. एवढ्या भांडवलावर आम्ही दुपारभर बसलो. दादानं मध्येच एक ओळ स्वतः रचून पाहिली, तिच्यात बाबांच्या तोंडी "थ्री फेज" हा शब्द आला, तेव्हा मी झांज खाली ठेवली. आम्ही निघताना उस्तादांनी आम्हाला एक पेनड्राइव्ह दिला. त्यात त्या दिवशी जमलेलं सगळं होतं, म्हणजे ठेका, "सांगू कोनाले" आणि भांडण. मुलीला पाठवलं तर तिचा उलट निरोप आला, की तिच्या गिटारवाल्या मित्रांना हे फार प्रायोगिक वाटलं आणि भांडण असलेला भाग तर सगळ्यात जास्त आवडला.

मला हसू आलं. पण त्या दिवशी अकोल्याच्या बसस्टँडवर मला गाडीत बसवून देताना दादा खिडकीखाली उभा होता आणि रडत होता. माझ्याहून मोठा, टक्कल पडलेला, हातावर वॉर्निशचे डाग असलेला माणूस, भर स्टँडवर. "मी त्यायले हो म्हटलं होतं," तो म्हणाला. "मले वाटे आपल्यापाशी हायेत. आपल्यापाशी काईच नाही ना व बाई." गाडी मूर्तिजापूरपर्यंत पोचली तरी मी तोंडातल्या तोंडात ओळी जुळवून पाहत होते, आणि शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर घेऊन माझ्यापासून जरा अंतर केलं.

पुढच्या रविवारी दादा अमरावतीला आला. आम्ही समोरच्या खोलीत बसलो आणि अगदी हळू आवाजात, मायला ऐकू जाऊ नये म्हणून, आठवायला लागलो. माय आत स्वयंपाकघरात सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. फ्लेक्स लागल्यापासून तिचं दादाशीही बोलणं बंद होतं. आल्यावर त्याला पाणी दिलं ते माझ्या हातून.

"बिया वांग्याच्या असतीन," दादा म्हणाला. "वांग्याचं गानं होतं. वांगं शिजलं... वांगं शिजलं दिवसभर..."

"वांगं नाही, ढेमसं!" आतून आवाज आला.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आणि मग माय दारात. हातात सांभाराची जुडी, डोळे आमच्यावर रोखलेले. आणि तिनं बाबांच्या चालीत, बाबांच्या ठेक्यात, खाडखाड म्हणून दाखवलं,

"ढेमसं शिजले दिवसभर, मऊ नाही दाताले,
बिया मोजत जेवलो मी, सांगू कोनाले."

आमच्या तोंडून सवयीनं "सांगू कोनाऽऽले" निघालं. तिनं ते हातानं उडवून लावलं.

"अन् साफ खोटं हाये ते! ढेमसं त्यायनंच आनले होते बजारातून. निबर, जून, ढोरायनं खाल्ले नसते असे. मी म्हटलं, हे शिजनार नाही. तं म्हने, तुले शिजवता येत नाही. अन् गेले अन् गानं केलं."

"माय," दादा सावकाश उठत म्हणाला, जसं एखादं पाखरू उडून जाईल म्हणून आपण जपून उठतो तसा. "कूलरचं येते काय तुले?"

तिला कूलरचं येत होतं. खुर्चीचं येत होतं. डासांचं, गळक्या नळाचं, कच्च्या राहिलेल्या रोडग्यांचं, तिच्या घोरण्याचं, सगळी येत होती, एकूण एक, पहिल्या ओळीपासून, आणि प्रत्येक गाण्यानंतर ते कसं खोटं आहे याची साक्षीपुराव्यासह हकीकतही येत होती. जगात ज्या एका बाईनं ही गाणी ऐकायला कधी पाऊल उचललं नाही, तिलाच ती पाठ होती. कारण जुन्या घरात बाबांची तालीम समोरच्या खोलीत चालायची आणि स्वयंपाकघराला दार नव्हतं. आणि आपल्यावर झालेला आरोप माणूस विसरत नसतो. आरोप दुसऱ्यावर झाला असेल तर आमच्यासारखे त्याची झील धरतात आणि विसरतात.

दादा तिच्या पाया पडायला गेला. तिनं पाय मागे घेतले. गाणार नाही म्हणाली. या वयात माइकपुढे बसून लोकांना दात दाखवणार नाही म्हणाली. आम्ही खूप विनवलं. शेवटी दादा म्हणाला, "ठीक हाये माय. तू नको येऊ. आमाले जसे आठोतीन तसे आमी टाकतो." हे ऐकल्यावर ती एकदम सावध झाली.

"तसे म्हनजे कसे? वांग्याचे टाकसान?"

"आता नाही आठोत तं काय करा."

"मी येतो," माय म्हणाली. बायका 'येते' म्हणतात, पण माय तावात आली की अशीच बोलते. "गाले नाही येत. तिथी बसून राहीन. आधीच खोटं, त्यात तुमी आनखी खोटं घुसवसान. तेवढं होऊ देनार नाही मी."

अशी ती अकोल्याला निघाली, गाण्यांची बाजू घ्यायला नाही तर गुन्हा जसा घडला तसाच नोंदवला जावा म्हणून. जरीकाठाचं निळं लुगडं नेसली होती. बसमध्ये तिनं कंडक्टरला तो ज्या डेपोचा होता त्या डेपोत आपला नवरा काय होता ते सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्सखाली थांबून तिनं ढगातल्या बाबांकडे वर मान करून पाहिलं. "वरतं बसून बी तोंड वाकडंच हाये," म्हणाली आणि पदर नीट करून पुढे चालू लागली. स्टुडिओत पाय ठेवल्या ठेवल्या तिनं चारी भिंती पाहिल्या आणि उस्तादांना विचारलं, "अन् एवढे अंडे कोनं खाल्ले बाप्पा?"

"मोहल्ल्यानं खाल्ले माँजी," उस्ताद म्हणाले. त्यांचं आणि तिचं त्या क्षणापासून जमलं.

हेडफोन लावायला ती तयार होईना. "कानावर झाकन ठेवून ऐकू कसं येईन?" उस्तादांनी माइक तिच्यासमोर ठेवला आणि आम्हा दोघांना तिच्या मागे बसवलं, आमच्या जन्माच्या जागी. आता समोर बाबांच्या पाठीऐवजी मायची पाठ आणि तिचा पांढरा अंबाडा. लाल दिवा लागला. दादानं ठेका धरला. माय न बावरता सुरू झाली, ओळीआधी बाबा जसे खाकरायचे तसं खाकरून,

"कूलर आला घरामंधी, वारा तिच्या अंगाले,
मच्छर सारे माह्या वाट्याले, सांगू कोनाले."

आवाज गोड नव्हता. जाडाभरडा होता आणि सुराच्या जरा खालीच चालायचा. पण मला अंगावर काटा आला, कारण ते गाणं होतं, अख्खं, दोन्ही टोकांसकट. आम्ही जीव तोडून झील धरली. आणि आमची झील संपायच्या आत माय पुन्हा सुरू झाली.

"टाकीत पानी मीच भरो, बादली माह्या हाताले,
गार झोपून घोरे कोन, सांगू कोनाले."

आम्ही सवयीनं तीही झील ओढली आणि मग दादाची खंजिरी थांबली. हे बाबांच्या गाण्यात नव्हतं.

"माय, हे काय हाये?"

"जवाब हाये."

"कोनं रचला?"

"मीनं. आनखी कोन रचन? तुहा बाप समोरच्या खोलीत बोंबलत राहे, मी काय आत भाकरी थापत बहिरी होती?"

"सगळ्याइचे हायेत जवाब?"

"एकही सोडला नाही."

"अन् बाबाले कदी ऐकोले?"

"ऐकोले असते तं त्याच्यावर बी गानं केलं असतं त्यायनं," माय म्हणाली. "सुरू कर. गरमी होऊन राहिली."

त्या दुपारी खोलीत जे झालं ते मी कितीही सांगितलं तरी कमी आहे. मायच्याच तोंडून बाबा म्हणत, "माहेरचा पावना आला, खुर्ची त्याच्या बुडाले, मी बसलो उंबऱ्यावर, सांगू कोनाले." आणि माय लगेच म्हणे, "तुमचा भाऊ आला तवा, खाट त्याच्या पाठीले, महिनाभर उठला नाही, सांगू कोनाले." बाबा ढेमशांवर रडले, की माय विचारी, "ढेमसं आनले निबर-निबर, गेलते कोन बजाराले?" उस्ताद काचेपलीकडे इतके हसत होते, की त्यांनी एकदा चुकून भलतंच बटण दाबलं आणि खोलीत चपलांच्या सेलची जाहिरात सुरू झाली. मी हसून हसून झांज चुकवली. जन्मात पहिल्यांदा मला पुढे काय चाललंय ते ऐकू येत होतं. आणि मला कळत होतं, की फ्लेक्सवर आमचे फोटो असले तरी जोडी आमची नव्हतीच. समोरची खोली आणि स्वयंपाकघर, अशी ती जोडी होती, आणि यातल्या एकाला आपण जोडीत गातोय याची शेवटपर्यंत खबर नव्हती. मला बाबांची फार दया आली. आयुष्यातली सगळ्यात चांगली दाद त्यांना भिंतीपलीकडून मिळत होती आणि ते बिचारे ढोलकी बडवत होते.

डास झाले, नळ झाला, रोडगे झाले, घोरणं झालं. उस्तादांनी विचारलं, "और हाये काय माँजी?" दादा म्हणाला, झाली सगळी.

"एक राहिलं," माय म्हणाली. "ते तुमाले मालूम नाही. तवा तुमी झिलीले नोते."

मग तिनं सांगितलं, की शेवटच्या आजारात, बाबांना उठून बसता येत नव्हतं तेव्हाही ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरून एक गाऱ्हाणं म्हणायचे. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. नुसती मुगाची खिचडी. ऐकायला ती एकटीच. दादानं तिच्याकडे पाहिलं आणि खंजिरीवर बोटांनीच हळू ठेका धरला. माय खाकरली.

"डाक्टरचं नाव पुढं, फोडनी नाही खिचडीले,
मीठ बी लपोलं बुढीनं, सांगू कोनाले."

आम्ही हसतच झील धरली. अगदी बाबांसारखं होतं ते, मरणाच्या दारातही मिठाची तक्रार. आणि झील संपता संपता मायचा जवाब आला, त्याच चालीत, आवाज न हलवता.

"मीठ माह्याबी ताटात नोतं, कदी पाह्यलं ताटाले?
संगं अळनं खाल्लं मीनं, सांगू कोनाले."

तिचं ताट आम्हीही कधी पाहिलं नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून, आत, एकटीच जेवायची.

गाणं आमच्यासाठी थांबलं होतं. आता आमचीच पाळी होती. दादाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. माझ्या हातात झांज तशीच धरलेली. समोरचा पांढरा अंबाडा मला नीट दिसेना, तेव्हा मी रडतेय हे मला समजलं. काचेपलीकडे उस्ताद मान खाली घालून बसले होते. लाल दिवा चालू होता.

माय बसल्या बसल्या मागे वळली आणि आमच्यावर ओरडली, "कावून चूप बसले रे? धरा ना झील! आता मी एकटीच म्हनू काय?"